सहा बोटं वाळू

अरविंद मास्तरांनी घरात मासे पाळले ते साल छप्पन्न. त्या वर्षी आमचं बऱ्हाणपूर जागचं न हलता दुसऱ्या राज्यात जाणार होतं. राज्याचं नाव मध्य प्रदेशच राहणार होतं, पण राजधानी नागपूरहून भोपाळला जाणार, विदर्भ तुटून मुंबईला जोडला जाणार आणि आम्ही तापीकाठचे मराठी बोलणारे लोक हिंदीच्या बाजूला उरणार, असं ठरलं होतं. कोणत्या बाजूला नोकरी करायची ते लिहून द्या, असा एकेक कागद जुलैत आमच्या सरकारी शाळेतल्या अकरा जणांना आला. मी तिथला हेडक्लार्क. कागद माझ्या टेबलावर आले आणि भरून माझ्याच खणात जमा व्हायचे होते. मुदत सप्टेंबरअखेर.

मी माझा कागद आला त्याच दिवशी भरला. ‘इथेच’ असं लिहिलं, खाली ‘दत्तात्रय’ अशी लफ्फेदार सही केली, वर टिपकागद दाबला आणि जेवणाचा डबा उघडला. डब्यात गिलक्याची भाजी होती. एवढ्याशा गोष्टीला लोक वेळ का लावतात ते मला कळत नसे. अशा लोकांची मला थोडी गंमत वाटे आणि पुष्कळ कंटाळा येई.

अरविंद मास्तर त्या लोकांपैकी एक. ते आमच्या शाळेत सायन्स शिकवत. इतवाऱ्यात एकाच चौकात आमची बिऱ्हाडं समोरासमोर होती, त्यामुळे त्यांच्या घरात काय चाललंय ते मला विचारावं लागत नसे. मला नाहीच दिसलं तर माझी बायको शोभा पाहून येई.

काचेची टाकी त्यांनी मे महिन्याच्या सुटीत स्वतः बनवली. लोखंडी पट्ट्यांची चौकट लोहाराकडून आणली, काचा फोटोफ्रेमवाल्याकडून कापून घेतल्या आणि सांधे भरायला खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून लांबी केली. टाकी तीन वेळा गळली. तिसऱ्यांदा पाणी आमच्या ओट्यापर्यंत आलं, तेव्हा मी माझ्या चपला उचलून आत ठेवल्या. चौथ्यांदा ती गळायची थांबली. मग मास्तर मुंबईला जाऊन सहा लाल मासे घेऊन आले, तेलाच्या रिकाम्या डब्यात, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडून. दोन भुसावळच्या आधीच गेले. चार बऱ्हाणपूरला उतरले.

टाकीच्या तळाला वाळू हवी होती. मास्तरांकडे या विषयावरचं एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यात म्हणे बारीक खडी चालते, पण वाळू उत्तम. वाळूची आपल्याकडे काय कमी? जूनमध्ये तापी खाली गेलेली असते आणि राजघाटाच्या पायऱ्यांपुढे वाळूचा पट्टा उघडा पडतो. मास्तरांनी तिथून दोन पोती भरून टांग्यातून आणली आणि गव्हाच्या चाळणीनं चाळली. मग पुस्तकात पुढची ओळ होती, वाळू स्वच्छ धुऊन घ्यावी. ते काम पुस्तकात एका ओळीत संपत होतं. रजनीवहिनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, त्याला दोन दिवस लागले. परातीत वाळू घ्यायची, पाणी ओतायचं, हातानं ढवळायचं, गढूळ पाणी सोडून द्यायचं आणि पुन्हा ओतायचं. अकराव्या पाण्यात त्यांना आपली बोटं दिसली, तेव्हा त्यांनी ती परात बाजूला ठेवून दुसरी घेतली.

किती जाड थर घालायचा यावरून नवराबायकोत थोडं बोलणं झालं. पुस्तकात दोन बोटं लिहिलं होतं. मास्तरांनी सहा बोटं घातली. एवढी धुतलेली वाळू वाया कशाला घालवायची, हे एक कारण. दुसरं, पाणवनस्पतींची मुळं दोन बोटांत धरणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. रजनीवहिनी नदीपलीकडच्या जैनाबादच्या. तिथे त्यांच्या आईची, गोदाबाईंची, दोन एकर केळी होती. वहिनी म्हणाल्या की केळीच्या खड्ड्यात पाणी साचून राहिलं की खाली सगळं काळं पडतं आणि घाण वास सुटतो, वर पान मात्र हिरवंच दिसतं. त्यावर मास्तरांनी त्यांना पंधरा मिनिटं समजावून सांगितलं की माती वेगळी आणि वाळू वेगळी, वाळू म्हणजे दगडच, आणि दगड सडत नाही. ते खरंच होतं. वाळूत जे अडकतं ते सडतं, हे त्या पंधरा मिनिटांत आलं नाही.

टाकी दिसायला फार छान झाली, हे मीही कबूल करतो. पिवळसर वाळू, वर नितळ पाणी, त्यात चार लाल मासे. चौकटीच्या पट्टीमुळे खालची तीन बोटं झाकलेली असत, त्यामुळे तळाशी काय चाललंय ते कुणाला दिसत नसे आणि कुणी वाकून पाहतही नसे. इतवाऱ्यातली माणसं मासे पाहायला येऊ लागली. येताना रिकाम्या हातानं कशी येणार? राजघाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालून पुण्य जोडायची आमच्याकडे जुनी रीत आहे. जिथे मासे तिथे कणीक. कुणी हात जोडत, कुणी गोळी टाकत, एकानं तर खोबऱ्याचा तुकडा टाकला. सगळ्यांत नेमानं येत त्या चौकातल्या सोजरबाई. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. घाटाच्या पायऱ्या उतरणं त्यांना चार वर्षांपासून जमत नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं नदीच घरी आली होती. रोज आंघोळ करून त्या ओल्या केसांनी यायच्या आणि रामाचं नाव घेत सात गोळ्या सोडायच्या.

चार मासे किती खाणार? उरलेल्या गोळ्या खाली जाऊन वाळूत रुतत. दुसऱ्या दिवशी दिसत नसत, म्हणून सगळ्यांना वाटे की मासे खातात. मास्तरांना हे पसंत नव्हतं. पण म्हातारीला पुण्य करू नका असं कोण सांगणार? ते माझ्यापाशी कुरकुरत आणि सोजरबाई आल्या की सरकून जागा देत.

ऑगस्टच्या मध्यात मी मास्तरांना कागदाची आठवण केली. दहा कागद आले होते, त्यांचाच राहिला होता. त्यांची अडचण मला माहीत होती. ते मूळचे अकोल्याचे. विज्ञान त्यांनी जन्मभर मराठीत शिकवलं होतं आणि चाळिसाव्या वर्षी ‘प्रकाश का परावर्तन’ म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती. दुसरीकडे टाकी होती, घर होतं, लागलेला जीव होता. मी म्हटलं, काहीतरी एक लिहा. तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि जरा लाजत मला सांगितलं की त्यांनी एक प्रयोग लावला आहे. मुंबईचे मासे तापीच्या वाळूवर टिकतात का, हे ते पाहणार होते. सप्टेंबरअखेर चारही जिवंत राहिले तर ‘इथेच’. एकही मेला तर अकोला.

हा माणूस वर्गात देवाला कौल लावणाऱ्या लोकांची टर उडवत असे. मी त्यांना ते बोलून दाखवलं नाही. घरी आल्यावर शोभाला मात्र सांगितलं, कारण अशी गोष्ट पोटात ठेवणं कठीण. शोभानं ती दुसऱ्या दिवशी दुपारी रजनीवहिनींना सांगितली.

रजनीवहिनींना काय हवं होतं, ते त्या चौकात सगळ्यांना ठाऊक होतं. गोदाबाईंना ही एकच लेक. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. दर सोमवारी वहिनी नावेनं पलीकडे जात, आईचं डोकं धुऊन देत, केळीचं एखादं पान आणि दोन-चार कच्ची केळी घेऊन दिवे लागायच्या आत परत येत. अकोल्याला गेलं तर वर्षातून एकदा येणं होणार, तेही आई आजारी आहे असं पत्र पोचल्यावर. त्यांना बऱ्हाणपूर सोडायचं नव्हतं. हे त्यांनी शोभाला सांगितलं होतं, सोजरबाईंना सांगितलं होतं. नवऱ्याला त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण नवऱ्यानं विचारलं नव्हतं.

प्रयोगाचं कळल्यावर त्या मास्तरांशी काहीच बोलल्या नाहीत. त्या माशांकडे लक्ष देऊ लागल्या. सकाळी उठल्या की आधी टाकीपाशी जाऊन चार मोजायच्या. रोज दोन तांबे जुनं पाणी काढून दोन तांबे नवं घालायच्या. सोजरबाईंच्या हातापाया पडून त्यांनी सात गोळ्यांची एक गोळी करून घेतली. शोभा सांगे की वहिनी जेवायलाही टाकीकडे तोंड करून बसतात. मी हसलो. मला तेव्हा हे सगळं फार मजेशीर वाटत होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तापीला पूर आला. राजघाटाच्या पायऱ्या बुडाल्या, नाव बंद झाली, जैनाबाद पलीकडे राहिलं. आणि शुक्रवारी हरतालिका. त्या दिवशी बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी पाण्याचा थेंबही न घेता उपास करतात आणि वाळूची महादेवाची पिंड करून पूजतात. एरवी आदल्या दिवशी घाटावरून वाळू येते. या वर्षी घाटच नव्हता. बाजारपेठेत एका बांधकामापाशी वाळूचा ढीग होता, पण त्यावर कुत्री बसत. चौकात पेच पडला की पिंड कशाची करायची.

वाळूची गोष्ट माझ्या बायकोनं काढली. ती वहिनींना म्हणाली की तुमच्या घरात तापीचीच वाळू आहे, अकरा पाण्यांनी धुतलेली, तिच्याहून चांगली कुठून आणणार? वहिनी नको म्हणाल्या. महिनाअखेरपर्यंत टाकीत हात घालायचा नाही, असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं होतं. शोभा म्हणाली, कोपऱ्यातली दोन ओंजळी घेऊ, माशांना पत्ताही लागणार नाही. मग सोजरबाईंना विचारलं गेलं. त्यांनी निकाल दिला की वाळू तापीची आहे आणि पाण्यात आहे, म्हणजे ती नदीतच आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि वहिनींनी एकही हरतालिका चुकवली नव्हती. या वर्षी तर त्यांना महादेवाकडे मागायचंही काहीतरी होतं.

पुढचं मी शोभाकडून ऐकलेलं सांगतो. दुपारी बाराच्या सुमाराला वहिनींनी आंघोळ करून, ओल्या पातळानं, कोपऱ्यात हात घातला. वरची तीन बोटं वाळू पिवळी आणि सुटी लागली. त्याखाली बोटांना चिकट लागलं. त्यांनी ओंजळ वर काढली तर खालची वाळू कोळशासारखी काळी होती, आणि खड्ड्यातून बुडबुडे आले. नासक्या अंड्याचा वास खोलीभर झाला. शोभा नाकाला पदर लावून मागे सरकली. वहिनींनी मात्र ओंजळ नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, “केळीचा खड्डा आहे हा.”

काळी वाळू बोटांनी फोडल्यावर आत पांढुरके, फुगलेले गोळे निघाले. सोजरबाई काठी टेकत जवळ आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “ही माझीच कणीक का गं, पोरी?” वहिनी माशांकडे पाहत होत्या. खळबळीनं पाणी काळवंडत चाललं होतं आणि चारही मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडत-मिटत होते.

मग त्या उठल्या. तांब्याचं घंगाळ ओढलं, त्यात पिण्याच्या माठातलं पाणी ओतलं आणि गाळणीनं एकेक मासा उचलून त्यात सोडला. तीन पोहू लागले. चौथा, सगळ्यांत मोठा, कुशीवर आडवा झाला. त्यांनी त्याला हातात धरून पाण्यात पुढेमागे हलवलं, पुष्कळ वेळ हलवलं. तो उठला नाही. शोभाला माझ्यासारखीच कारकुनी बुद्धी आहे. ती म्हणाली, मांजरीनं नेला म्हणून सांगा, मांजर प्रयोगात धरत नाहीत. वहिनी नाही म्हणाल्या. त्यांनी तो मासा केळीच्या पानावर ठेवला आणि टाकी उपसायला घेतली.

पाण्याचा घोट न घेतलेल्या त्या बाईनं साडेबारापासून पाच वाजेपर्यंत विहिरीचं पाणी ओढून ती सगळी वाळू धुतली. शोभानं मदत केली, पण तिच्यानं चार घागरींपुढे झालं नाही. सोजरबाई ओट्यावर बसून कणकेचे गोळे वेचत राहिल्या. त्या दिवशी आमच्या चौकातली मोरी काळी वाहत होती.

साडेपाचला मी आणि मास्तर शाळेतून बरोबरच आलो. चौकात सुपावर, परातीत, पोत्यावर वाळू पसरलेली होती. दारातून टाकी दिसली, ती रिकामी होती. मास्तर चपला न काढताच आत गेले. मी बाहेर थांबायला हवं होतं. मी दारात उभा राहिलो.

घंगाळात तीन मासे होते. मास्तरांनी ते दोनदा मोजले. मग त्यांना केळीचं पान दिसलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पाटावरच्या हळदीकुंकवाकडे पाहिलं, आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली. पूजेसाठी तू माझी टाकी उपसलीस, असं ते म्हणाले. आवाज चढवला नाही. निकाल लागला, एवढंच पुढे म्हणाले. मला तर त्यांच्या आवाजात सुटकाच ऐकू आली.

वहिनींनी कोपऱ्यातली एक वाटी उचलून त्यांच्यासमोर धरली. काळी वाळू त्यांनी वाटीभर तशीच राखून ठेवली होती. मास्तरांनी वाकून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. सायन्सचा मास्तर होता, वासावरून त्यानं ओळखलं.

“खालून कधीचंच सडलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “मी हात नसता घातला तरी आठ दिवसांत चारीबी गेले असते. मी पहिल्याच दिवशी बोलली होती तुमाला.”

मास्तरांनी वाटी त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवली.

“तुमी माशांना विचारलं, कुठं ऱ्हायचं ते. मला नाई विचारलं. मी इथंच होती ना घरात.”

शोभा चुलीपाशी उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं, का ते मला तेव्हा कळलं नाही.

मास्तर खाली जमिनीवर बसले. म्हणाले, “मग सांग.”

“मला नाई जायचं. माय तिकडं एकटी आहे, आज पाच दिवस झाले, पूर आहे, ती जिती आहे का तेबी मला मालूम नाई. तुमाला जायचं असेल तर तुमी सांगा मला. भांडू आपण. पन तुमी सांगा. मासा नाई सांगनार.”

एवढं बोलून त्यांनी धुतलेली वाळू परातीत घेतली आणि पिंड करायला बसल्या. पिंड दोनदा ढासळली. मास्तर उठले नाहीत. तिसऱ्यांदा त्यांनी हात पुढे केला आणि बाजूनं वाळू दाबून धरली. हरतालिकेच्या पिंडीला पुरुषानं हात लावलेला मी तरी तेवढा एकदाच पाहिला. सोजरबाईंनीही पाहिलं, पण त्या दिवशी त्यांचा अधिकार जरा कमी झाला होता.

मग ती दोघं खरंच भांडली. तीन आठवडे भांडली. हिंदी, बढती, अकोल्याचं घर, आई, केळी, सगळं आमच्या ओट्यापर्यंत ऐकू येई. मास्तर हट्टानं जायचंच म्हणत, वहिनी तितक्याच हट्टानं नाही म्हणत. मधल्या एका रविवारी नाव सुरू झाल्यावर दोघं जैनाबादला जाऊन आली. टाकीत दोन बोटं वाळू घातली गेली. तीन मासे तिच्यावरून फिरत होते आणि मास्तर त्यांच्याकडे फारसं पाहतही नव्हते. अठ्ठावीस सप्टेंबरला त्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर ‘इथेच’ लिहिलं होतं. मी म्हटलं, हरलात. ते म्हणाले, हो, आणि चहा मागवला. माणूस इतका हलका झालेला मी पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी मी माझा कागद खणातून काढला आणि घडी करून खिशात घातला. सगळे कागद घालून वर पाठवायचं पाकीट अजून गेलं नव्हतं. शोभा तांदूळ निवडत होती. तिचं माहेर अमरावतीचं. सात वर्षांत ती तिकडे तीनदा गेली होती, त्यातलं एकदा वडील गेले म्हणून. मी तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, तुला कुठे राहावंसं वाटतं? मला वाटलं होतं ती हसेल. किंवा तुम्ही म्हणाल तिथे, असं म्हणेल. बायका तसं म्हणतात अशी माझी समजूत होती.

“अमरावती,” ती म्हणाली. तिनं सुपातून मान वर केली नाही. “पहिल्या वर्षापासून.”

मी बरं म्हटलं.

रात्रभर विचार केला वगैरे काही नाही. मला चांगली झोप लागली. सकाळी शाळेत जाऊन मी खण उघडला. एक कोरा कागद आणि एक सही, एवढंच लागणार होतं, आणि कोरे कागद माझ्याच खणात होते. पण तिकडे गेलो तर मी हेडक्लार्क राहणार नव्हतो. तिथे माझ्याहून जुने लोक होते. इथे टेबल होतं, खण होता, माझ्या सहीशिवाय शाळेतला खडूही हलत नव्हता. अकरा कागद पाकिटात घातले, त्यात माझा जुनाच घातला, आणि पाकीट पाठवून दिलं. त्या दिवशी डब्यात काय होतं ते मला आठवत नाही.

मी शोभाला सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही, आणि मी ते माझ्या सोयीचं मानलं. आठ-दहा दिवसांनी शाळेतून आलो तर ती रजनीवहिनींच्या दारात उभी होती. हातात लोणच्याची मोठी बरणी. ती वहिनींना सांगत होती की ही तुम्ही ठेवा, एवढी जड बरणी गाडीतून कशी न्यायची, आम्ही तिकडे गेल्यावर नवीन घालू. तिचा आवाज मी इतका मोकळा कधी ऐकला नव्हता.

मला तिथेच, चौकात, सांगावं लागलं. वहिनी आत निघून गेल्या. शोभानं बरणी परत उचलली, घरात नेली आणि फळीवर होती त्याच जागी ठेवली. मग हात धुऊन तिनं कणीक मळायला घेतली. मला लाज वाटली. आजही वाटते, आणि ती वाटून काही उपयोग नाही हेही मला माहीत आहे.

पुढच्या वर्षी भाद्रपदात तापी शांत होती. शोभा आणि रजनीवहिनी आदल्या दिवशी राजघाटावर जाऊन वाळू घेऊन आल्या. हरतालिकेला शोभानं पहाटे आंघोळ केली, दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही, आणि संध्याकाळी पाटावर पिंड केली. मी खाटेवर बसून पाहत होतो. पलीकडे मास्तर वाळू दाबून धरायला गेले असावेत, कारण वहिनी त्यांना रागावल्याचं ऐकू आलं. शोभानं पिंडीवर बेल वाहिला आणि हात जोडले. ती काय मागतेय ते मी विचारलं नाही. एकदा विचारून झालं होतं.